गावरानाचा अभिमान आणि निळे पिंप

कोल्हापूरच्या माणसास आपल्या गावाच्या ज्या गोष्टींचा अभिमान वाटतो त्यांत अंबाबाई, शाहू महाराज आणि तालमी यांच्या जोडीस तांबडा व पांढरा रस्साही असतो. आणि यात लाजण्याजोगे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. जे अन्न पिढ्यान् पिढ्या चवीने रांधले गेले ते त्या प्रांताच्या संस्कृतीचा भागच होय. आमची तक्रार निराळी आहे. रश्श्यात खोबरे किती, खसखस किती, चटणी कोणत्या मिरचीची, यावर तासन् तास वाद घालणारा हाच रसिक, ज्या कोंबडीचा तो रस्सा ती कोठे वाढली, किती दिवस जगली आणि विशेषतः कशी मेली, हे कोणी विचारताच एकदम मुका होतो. हा विषय ताटावर काढावयाचा नव्हे असे तो म्हणतो. आमच्या मते हा विषय ताटावरचाच आहे, आणि तो तेथे निघत नाही म्हणूनच बाजारात जे चालते ते सुखाने चालू राहते.

काय चालते ते एकदा स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. रस्त्याच्या कडेला तारेचा पिंजरा. त्यात उभे राहण्यापुरतीही जागा नसलेल्या पांढऱ्या कोंबड्या. खालच्या मजल्यावरचीच्या अंगावर वरचीची विष्ठा. गिऱ्हाईक येते, एक पक्षी पायाला धरून ओढला जातो, पंख एकमेकांत अडकवून ताजव्यात टाकला जातो, मानेवरून सुरी फिरते, आणि तो पक्षी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात भिरकावला जातो. त्या पिंपात आधीची एखादी अजून तडफडत असते. पिंजऱ्यातल्या बाकीच्या हे सगळे हातभर अंतरावरून पाहत असतात. गिऱ्हाईक मात्र या वेळी पाठ फिरवून मोबाईलमध्ये तोंड घालते; दोन मिनिटांनी त्याच्या हातात काळी पिशवी पडते आणि तो घरी जाऊन मसाला चांगला भाजला गेला नाही म्हणून कुरकुर करतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण भावनेच्या भरात तिचा विपर्यास होतो. पिंपातली प्रत्येक तडफड ही वेदनेचीच असते असे नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या धारदार पात्याने एकदम तुटल्या, तर मेंदूचा रक्तपुरवठा थांबून पक्ष्याची शुद्ध थोड्याच सेकंदांत जाते. त्यानंतरचे पंख फडफडणे हे केवळ स्नायूंचे झटके असतात. परंतु सुरी बोथट असली, घाव एकाच बाजूस लागला किंवा उथळ बसला, तर शुद्ध जाण्यास कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ पक्षी जाणता असतो. पिंपाचा दोष हाच की त्यात या दोन स्थितींतला फरक कळावयास मार्गच उरत नाही. कापणारा आत पाहत नाही, पाहूनही त्यास काही दिसणार नाही, आणि पुढचे गिऱ्हाईक उभे असते. अशा रीतीने एखादी कोंबडी सुखाने मेली तर तो केवळ योगायोग मानावा लागेल.

याला आळा घालणारा कायदा नाही असेही नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही सजीव अशी केली आहे. तेव्हा कोंबडी तीत निःसंशय येते. अन्नासाठी प्राणी मारण्यास त्या कायद्याची मोकळीक आहे, पण अनावश्यक यातना न देता मारण्याची. २००१ च्या कत्तलखानाविषयक नियमांत एका प्राण्यासमोर दुसरा मारू नये असे स्वच्छ लिहिले आहे. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांची राहणी आणि वाहतूक हाच विषय घेतला व दाटीच्या पिंजऱ्यांविरुद्ध मत दिले. इतके असून २०२३ साली गुजरातच्या उच्च न्यायालयात, कोंबडी हा प्राणी म्हणावा की पक्षी, हा वाद उभा राहिला; दुकानात कोंबडी कापता येईल की कत्तलखान्यातच, हे त्या उत्तरावर अवलंबून होते. ज्या देशात पक्ष्याच्या प्राणित्वाविषयी वकील लावावे लागतात तेथे पिंपाची चौकशी कोण करणार? आणि केलीच, तर १९६० च्या कायद्याने पहिल्या अपराधास ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये. कोल्हापुरात पन्नास रुपयांत मटणाची अर्धी थाळीही येत नाही.

या विषयावर लिहू लागले की तीन बाजूंनी तीन आक्षेपक उठतात.

पहिला म्हणतो, मारणे ते मारणेच. दयेने मारणे ही मनाची फसवणूक होय. ज्याने मांसाशन सर्वस्वी सोडले आहे त्याच्याविषयी आम्हांस आदर आहे आणि त्याच्या आचरणापुढे आमचा युक्तिवाद दुबळा ठरतो हेही आम्ही मान्य करतो. पण या आचरणातून ‘म्हणून कसे मारले याला महत्त्व नाही’ असा जो निष्कर्ष तो काढतो तो मात्र निघत नाही. माणसासही मरण चुकलेले नाही. म्हणून रुग्णालयातले मरण आणि फरफटत नेलेले मरण सारखेच, असे कोणी म्हणत नाही. शिवाय या आक्षेपकांतले बरेचसे निर्जीव अंडे शाकाहारी मानून खातात. त्यांनी एकदा या अंड्याचा वंशवृक्ष पाहावा. अंड्यांसाठी ज्या जातीच्या कोंबड्या वाढवितात त्यांतला नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही फारसे चढत नाही. म्हणून उबवणुकीच्या कारखान्यात अंड्यातून बाहेर पडल्याच्या दिवशीच तो निवडून बाजूला काढतात, आणि बहुतेक ठिकाणी मारतात. त्यांतले काही गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रंगात बुडवून आठवडी बाजारात मुलांची खेळणी म्हणून विकले जातात. ते पिल्लू चार दिवसांत मरते, मूल रडते, आई दुसरे खेळणे आणते. शाकाहारी अंड्याचा सख्खा भाऊ तो हाच.

दुसरा आक्षेपक अर्थशास्त्राचा. तो म्हणतो, तुमची ही दया श्रीमंतांची चैन आहे. ब्रॉयलर कोंबडीने मजुराच्या ताटात मांस आणले. यात तथ्य आहे आणि ते लपविण्याचे आम्हांस कारण नाही. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली जो उद्योग सुरू केला आणि १९८२ साली अंडी उत्पादकांची जी देशव्यापी समिती उभी केली, त्यामुळे महाराष्ट्रात कोंबडी ही पाहुण्याची आणि देवाची न राहता रोजची झाली. पण स्वस्ताई आकाशातून पडत नाही; तिचे पैसे कोणीतरी भरीत असते. पहिला भरतो तो पक्षी: चाळीस दिवसांत दोन किलो व्हावे म्हणून घडविलेले ते शरीर कित्येकदा आपल्याच पायांवर पेलत नाही. दुसरा भरतो तो शेतकरी. करारपद्धतीत पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, कर्ज आणि रात्रीचा जागता पहारा तेवढा शेतकऱ्याचा. आपल्याच शेडमध्ये तो किलोमागे मजुरी घेणारा रखवालदार होतो. कोंबडीला किती जागा द्यावी, कधी उचलावी, हे ठरविणे त्याच्या हाती नसते. मग तिच्याशी त्याने दयेने वागावे असा उपदेश आम्ही त्यास कोणत्या तोंडाने करावा?

आणि अरिष्ट आले की या उद्योगाचा खरा चेहरा दिसतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ते एक वेळ रोगनिवारण म्हणून समजू. पण २०२० च्या मार्चमध्ये, कोंबडी खाल्ल्याने करोना होतो या निव्वळ अफवेने भाव कोसळले, तेव्हा आमच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, गोकाक भागात, हजारो कोंबड्या खड्ड्यात लोटून जिवंत पुरल्या गेल्या. खाद्याचा खर्च मांसाच्या किमतीहून अधिक होताच तो जीव कचरा ठरला.

याहून जवळचे उदाहरण कडकनाथाचे. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही काळी कोंबडी. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या औषधी गुणांच्या कथा पसरल्या. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर येथील एका कंपनीने पिल्ले आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी आम्हीच परत घेऊ, असे सांगून सांगली, कोल्हापूर, सातारा आणि इतर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून पैसे गोळा केले. २०१९ साली हा डोलारा कोसळला. खाद्य येईनासे झाले, अंडी कोणी घेईनासे झाले, शेडमध्ये पक्षी उपाशी मरू लागले. शेतकऱ्यांचा संताप रास्त होता, आणि आजही रास्त आहे. पण त्या संतापाने कोणते रूप घेतले ते आठवावे. त्याच सप्टेंबरात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची यात्रा त्या भागातून गेली, तेव्हा तिच्या ताफ्यावर जिवंत कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकण्यात आली. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, आंदोलनाच्या बाजूने आणि विरुद्ध लेख आले. कोंबडी हा फेकावयाचा दगड नव्हे, एवढे एक वाक्य त्या गदारोळात आमच्या तरी वाचनात आले नाही. फसवणूक करणाऱ्याने तिला कागदावरचा आकडा केले, फसलेल्याने तिचा धोंडा केला. दोघांच्याही लेखी ती जिवंत नव्हती.

तिसरा आक्षेपक आमच्याच बाजूचा असल्यामुळे त्याचा समाचार घेणे अधिक अगत्याचे. तो म्हणतो, हे सगळे दोष ब्रॉयलरचे. आम्ही गावरान खातो, आमचे हात स्वच्छ आहेत. पहिली गोष्ट, तो गावरान खातो हेच संशयास्पद आहे. थोडे गणित करावे. गावठी तलंग सहा महिन्यांच्या सुमारास पहिले अंडे घालते. दहापंधरा अंडी झाली की खुडूक बसते. वर्षाकाठी तिची अंडी पन्नास ते सत्तर. नर ताटात येण्याजोगा व्हावयास पाचसहा महिने लागतात. तेवढ्या अवधीत ब्रॉयलरच्या तीन खेपा निघून जातात. महामार्गावर रत्नागिरीकडे निघा, बेळगावकडे निघा, की पुण्याकडे. ढाब्याढाब्यावर ‘अस्सल गावरान’ ही पाटी आहे. एवढी गावरान कोंबडी कोणत्या परसात वाढते? उत्तर सोपे आहे: ती बहुधा रंगीत पिसांची संकरित असते, नाही तर अंडी देऊन थकलेली पिंजऱ्यातली कोंबडी, जिचे मांस चिवट लागते म्हणून गिऱ्हाईक तिला अस्सल समजते.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. गावरान म्हणजे सुखी, हे समीकरण शहरात बसून मांडलेले आहे. सायकलच्या दांडीला पाय बांधून, डोके खाली लोंबत, कोसभर बाजाराला नेली जाणारी कोंबडी गावरानच असते. तिन्हीसांजेला ओवाळून तिकटीवर टाकलेला उतारा गावरानच असतो. मानमोडीची साथ आली की आळीतली सगळी खुराडी एका आठवड्यात रिकामी होतात, आणि जिच्या लसीचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात घालावयास काही क्षण लागतात, त्या रोगाला अजून नशीब म्हणतात. बारा पिल्लांतली तीनचार मोठी होतात. बाकीची घार, बोका आणि मुंगूस यांच्या वाट्याला. हे निसर्गाचे असेल, पण ज्याने त्या पक्ष्याला अंगणात ठेवले आहे त्याने निसर्गाकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये.

मग आम्ही म्हणतो ते काय? आम्ही म्हणतो, लहान शेतावर, मोजक्या संख्येने, नजरेखाली वाढविलेली कोंबडी. आणि तिचे मरण ही तिच्या संगोपनाचीच शेवटची पायरी मानणारा पाळणारा. हे स्वप्न नव्हे. २०१९ च्या पशुगणनेत देशातले कुक्कुटपक्षी ८५ कोटींवर भरले. त्यांतले जवळजवळ ३२ कोटी परसातले होते, आणि मागील गणनेच्या मानाने परसातल्यांची वाढ सुमारे ४६ टक्के, तर व्यापारी शेडांतल्यांची पाच टक्क्यांहूनही कमी होती. परसातली कोंबडी मेली असे ज्यांना वाटते त्यांनी हे आकडे पाहावेत. आमच्याकडे ही कोंबडी बहुधा घरातल्या बाईची असते, अंड्यांचे पैसे तिच्या हातात राहतात. शेड आणि कर्ज आले की सातबारा ज्याच्या नावाचा त्याच्या नावाने ती कोंबडी होते, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

कोंबडी कशी ठेवावी हे तिलाच विचारावे; ती पुरेशी स्पष्ट सांगते. तिचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. आणि आमच्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात जो करडा रानकोंबडा आरवतो त्याचाही तिच्यात अंश आहे, कारण पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्या कुळातून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. रानातली ही सवय हजारो वर्षांत गेलेली नाही. तिला रात्री उंचावर बसावयाचे असते, म्हणून खुराड्यात दांड्या हव्यात. तिला माती उकरावयाची असते, राखेत अंग घोळावयाचे असते, अंडे घालताना आडोसा हवा असतो. उसाच्या बांधालगत किंवा आंब्याच्या झाडाखाली चार गुंठे जाळीने वेढले, रात्रीसाठी पक्के दार असलेले खुराडे बांधले, लसी वेळेवर टोचल्या, तर शंभर पक्षी एक कुटुंब सुखाने सांभाळते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी ज्यांनी साखर कारखाने उभे केले, गोकुळसारखा दूध संघ १९६३ पासून चालविला, त्यांना कोंबडीची विक्री संघटित करणे अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

आता शेवटचा दिवस. आदल्या रात्री दाणा बंद करावा, पाणी मात्र ठेवावे. पहाटेपूर्वी काळोखात पक्षी शांत असतो. तेव्हाच त्यास दोन्ही हातांनी, पंख अंगाशी दाबून, दांडीवरून उचलावे. पाठलाग करून पकडलेली कोंबडी मरण्याआधीच अर्धी मेलेली असते. मारण्याची जागा बाकीच्यांच्या दृष्टीआड हवी. पत्र्याचे एक मोठे नरसाळे भिंतीला ठोकावे; त्यात पक्षी डोके खाली करून ठेवला की मान खालच्या तोंडातून बाहेर येते, पंख आवळले जातात, आणि तो बहुधा निपचित होतो. पात्याने नख कापले जाईल अशी धार हवी. जबड्याच्या लगत, दोन्ही बाजूंच्या वाहिन्या तुटतील असा एकच घाव. मग हात बाजूला न घेता, डोळ्याची पापणी स्पर्शाला हलावयाची थांबेपर्यंत आणि रक्त पुरते गळेपर्यंत तेथे उभे राहावे. ही दोनतीन मिनिटे हाच या सर्व विधीचा प्राण आहे. गरम पाणी आणि पिसे ही त्यानंतरची गोष्ट. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागते ते लक्ष.

हे ज्ञान पाश्चात्यांकडून आणावे लागेल असे कोणी समजू नये. आमच्या गावगाड्यात मुलाणी होता, आणि कित्येक गावांत अजून आहे. हिंदूंच्या जत्रेत, म्हसोबाच्या आणि मरिआईच्या नैवेद्याला बकरे वा कोंबडे कापावयास त्यालाच बोलावीत, आणि त्याचा वाटा ठरलेला असे. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एकासमोर दुसरे कापू नये, तहानलेले मारू नये, ही त्याच्या धर्माची शिकवण होती. एका झटक्यात मान उतरविणाऱ्यांच्या परंपरेतही मुद्दा तोच, की घाव एकच असावा. आज या दोन पद्धतींवरून जे रण माजले आहे ते पाहून खेद होतो. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यात झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ नावाचे प्रमाणपत्र निघाले. कापणारा कोणत्या धर्माचा यावर त्या निमित्ताने महिनाभर चर्चा झाली. त्याची सुरी कशी आहे यावर एक दिवसही झाली नाही. हलालची पाटी आणि झटक्याची पाटी या दोहोंच्या मागे पिंप निळेच आहे.

किमतीचा प्रश्न राहिला. अशी कोंबडी महाग पडेल, दुप्पट पडेल, कदाचित त्याहून अधिक. पडू द्यावी. बुधवार, शुक्रवार, रविवार असा आठवड्याचा नेम आमच्या आजोबांचा नव्हता. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला, पाहुणा आला म्हणून, बाळंतिणीला म्हणून कोंबडी कापली जाई, आणि तिची चव महिनाभर घरात बोलली जाई. महिन्यातून दोनदा खाऊन शेतकऱ्यास पुरता भाव द्यावा. ज्यास तेवढेही परवडत नाही त्या मजुरास आम्ही काही सांगत नाही. आमचा रोख ज्यांच्या मोटारी सुटीच्या दिवशी ढाब्यांपुढे उभ्या असतात त्यांच्यावर आहे.

आणि दुकाने? ती एका दिवसात बंद होणार नाहीत, व्हावीत असेही आमचे म्हणणे नाही. महानगरपालिकेने परवाना देताना तीन अटी घालाव्यात: मारण्याच्या जागेपुढे आडोसा, पिंपाऐवजी नरसाळी, आणि धार लावावयाचा दगड. पत्र्याचे काम करणारा कोणताही कारागीर असे नरसाळे एका दुपारी करून देईल. पालिका हलेल तेव्हा हलेल. तोवर गिऱ्हाइकाने दुकानात पाठ फिरवून उभे राहू नये. तोंड समोर करून पाहावे, सुरी बोथट दिसली तर तसे म्हणावे, आणि पिंपात दुसरी जिवंत असेल तर आपली त्यात टाकू देऊ नये. दुकानदार रागावेल, कदाचित माल द्यावयाचाही नाही. दुसऱ्या दुकानी जावे. कोल्हापुरात दुकानांची वाण नाही.